हिंगण्याचा आश्रम आणि आपल्या मुली

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती द्याव्यात तर त्या आमच्या जाऊबाईंनी आधीच देऊन टाकल्या होत्या. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "मागच्या साली त्या मुलीला लातूरला पाठवताना तुम्ही तिच्या वडिलांना हिंगण्याचे जे सांगितले, तेच लिहा." म्हणून हे लिहायला बसले आहे. चुकले-माकले तर मैत्रिणींनी सांभाळून घ्यावे.

हिंगणे हे नाव मी प्रथम ऐकले ते आमच्या आत्याआजीच्या तोंडून. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी ती वारली, तेव्हा मी शाळेत होते. तिचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि तेराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली. नवऱ्याचा चेहरा तिला आठवत नसे. आमच्यात केशवपन नव्हते, एवढीच काय ती सुटका. बाकी पांढरे कपाळ, जाते, शेण-सारवण आणि भावांची लेकरे यांत तिची पासष्ट वर्षे गेली. तिचा एकच हट्ट असे. आम्ही मुली वाचत बसलो की ती जवळ येऊन बसायची आणि अक्षरावरून बोट फिरवायची. एकदा म्हणाली, "मला पुण्याकडं हिंगण्याला धाडणार होते. तिथं रांडमुंड पोरींना मास्तरीण करत्यात म्हणं. पर माझ्या बापानं नाही म्हटलं."

ते निजामी राज्य होते. अहमदपूर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली उस्मानाबादेत आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात. सरकारी शिक्षण उर्दूत, आणि मुलींना तर तेही कुठले! लातूरच्या कोणा ओळखीच्या मास्तरांनी पणजोबांना सुचवले होते की, पोरगी हुशार आहे, हिंगण्याला पाठवा, चार-पाच वर्षांत पायावर उभी राहील. लातूरहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डूवाडीला जाई आणि तिथून पुण्याची मोठी गाडी मिळे. म्हणजे वाट होती. पण पणजोबांनी विचारले, "पोरगी रात्रीची कुठं निजणार?" त्यापुढे बोलणे गेलेच नाही.

हिंगणे म्हणजे नेमके काय, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. माझी मुलगी पुण्याला मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला गेली, ते कॉलेज कर्वेनगरात आहे. तिला वसतिगृहात सोडायला गेले तेव्हा कळले, की हे कर्वेनगर म्हणजेच जुने हिंगणे आणि हे कॉलेज त्याच संस्थेचे. मी तिथेच फाटकापाशी पाच मिनिटे उभी राहिले. मुलीला वाटले, तिला सोडून जाताना मला रडू येते आहे. तेही होतेच, पण डोळ्यांपुढे आत्याआजीचे बोट होते. गावी परतल्यावर वाचनालयातून धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' आणि पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' ही दोन पुस्तके आणून दुपारच्या वेळी वाचून काढली. पुढे लिहिते ते बरेचसे त्या वाचनातले आणि काही इकडून तिकडून जमवलेले.

विधवांचे हाल पाहून कळवळणारे कर्व्यांच्या आधीही होतेच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच अशा बायांना बाळंतपणासाठी आसरा दिला, कारण अडचणीत सापडलेल्या विधवा लाजेपोटी मूल मारत नाहीतर स्वतः जीव देत. अशाच एका विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेऊन डॉक्टर केले, ते यशवंत. पण बाईला ठेवून घ्यायचे, जेवू घालायचे आणि तिच्या हाताला विद्या द्यायची, असे घर प्रथम काढले पंडिता रमाबाईंनी. त्या स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. संस्कृतात मोठ्या पंडित. अमेरिकेत फिरून त्यांनी मदत जमवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. सदनातल्या मुलींचाही त्या धर्माकडे ओढा होऊ लागला असा बोभाटा १८९३ साली झाला, तेव्हा रानडे-भांडारकरांसारखी माणसे दूर झाली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी केडगावला 'मुक्ती सदन' उभारले. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या बाया आणि मुली त्यांनी दूरदूरच्या मुलखांतून गोळा करून आणल्या. १९०० च्या सुमारास तिथे दोनेक हजार जीव राहत होते. तिथे माग होते, छापखाना होता, तेलाचा घाणा होता, दूधदुभते, बाग, शिवणकाम होते. छापखान्याचे खिळे जुळवण्याचे काम बाया करीत, हे वाचून मला तर फार नवल वाटले. आपल्याकडे आजही छापखान्यात बाई दिसत नाही. धर्माचा वाद ज्याचा त्याने ठरवावा, पण दुष्काळात त्या लेकींना उचलून नेणारे दुसरे कोण होते, हेही विचारले पाहिजे.

त्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. लग्न आठव्या वर्षी, आणि काही महिन्यांतच वैधव्य. ११ मार्च १८९३ रोजी तिच्याशी कर्व्यांनी पुनर्विवाह केला. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. त्यांची पहिली पत्नी वारली होती, आणि पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. लग्नानंतर गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. सारे त्यांना बाया म्हणत. मुरूड गावाने जोडप्याला वाळीत टाकले. गावी गेले तरी आईच्या घरात उतरण्याची सोय राहिली नाही. इथे कर्व्यांना एक गोष्ट कळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. पुनर्विवाह हा एकेका बाईचा प्रश्न सोडवील, पण तो करायला तयार असणाऱ्या बाया शेकड्यात एखादीच. बाकीच्यांचे काय? त्यांना शिकवले आणि स्वतःचे पोट भरण्याजोगे केले, तर लग्न करायचे की नाही हे त्यांचे त्या बघतील.

१८९६ साली त्यांनी पुण्यात 'अनाथ बालिकाश्रम' मंडळी स्थापन केली. १८९९ च्या आरंभी पुण्यात प्रत्यक्ष आश्रम सुरू झाला. प्लेगाचे दिवस होते, शहरात राहणे कठीण. शिवाय पेठांतून टोमणेही कमी नव्हते. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची आपली सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या उजाड माळावर एक झोपडी उभी राहिली. पुण्यापासून वाट चारेक मैलांची, धड रस्ता नाही, पावसाळ्यात चिखल. कॉलेज सुटले की कर्वे रोज पायी हिंगण्याला जात, बायांना लागणारे सामानसुमान बरोबर नेत, रात्री त्यांना शिकवीत आणि सकाळी पुन्हा कॉलेजला येत. आज त्या रस्त्याला कर्वे रस्ता म्हणतात आणि रिक्षातून जायलाही मला पाऊण तास लागला, इतकी वाहनांची गर्दी.

आश्रमात काय शिकवीत? लिहिणे-वाचणे, हिशेब, शिवण. दळण, स्वयंपाक, झाडलोट बायाच आपसांत वाटून घेत. मुख्य रोख असे तो व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेवर. ही परीक्षा म्हणजे त्या वेळची मराठी सातवी. ती झाली की बाईला शिक्षिका होण्याची वाट खुली होई. मैत्रिणींनो, हे वाचताना मला हसूही आले आणि वाईटही वाटले. मीही सातवीच. पण माझ्या सातवीला आता कोणी विचारीत नाही, आणि आत्याआजीच्या काळी त्याच सातवीवर तिला पगार मिळाला असता!

कर्व्यांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळा ठेवला. स्वतः पुनर्विवाह केलेला माणूस, पण आश्रमातल्या बाईला लग्न कर म्हणून सांगायचे नाही, आणि तिचे उपासतापास, सोवळेओवळे मोडायचे नाही. शारदा सदनाचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. बापाचा, भावाचा विश्वास बसला तरच मुलगी येणार, हे त्यांनी ओळखले होते. पुढे लोकांचा विश्वास असा बसला, की संस्थेचे कार्यकर्ते घरोघर जाऊन आश्रमासाठी भाऊबीज मागू लागले. बहिणीला ओवाळणी घालावी तशी लोक ती देत. ही रीत मला फार आवडली. देणगी म्हटले की देणारा वरचढ होतो; भाऊबीज म्हटले की घेणारी बहीण होते.

आता एक गोष्ट लिहू की नको असे वाटत होते, पण लिहितेच. आरंभी हा आश्रम उच्चवर्णीय विधवांचाच होता. ज्या जातींत विधवांचे हाल जास्त, त्यांच्यासाठी आधी, असे त्याचे कारण सांगत. पण पोटाचा प्रश्न काय एकाच जातीच्या बाईला असतो? कर्व्यांनाही हे पुढे खुपले असावे असे मला वाटते. कारण खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी उतारवयात मंडळ काढले आणि १९४४ साली, शहाऐंशी वर्षांचे असताना, समता संघ स्थापन केला. मोठ्या माणसाचेही डोळे एकदम सगळे उघडत नाहीत, हळूहळू उघडतात. आज त्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुली राहतात. माझी मुलगी ज्या खोलीत राहते त्या खोलीतच चार गावच्या चार जणी आहेत.

आश्रमाचा खरा कणा कोण, असे मला विचाराल तर मी पार्वतीबाईंचे नाव घेईन. या बायांच्याच बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा, केशवपन झालेले. मुलाच्या शिक्षणासाठी बहिणीकडे पुण्यास आल्या तेव्हा त्यांना सुधारणेचे काही कौतुक नव्हते. उलट बहिणीने पुनर्विवाह केला याचेच वाईट वाटत होते. मोठ्या वयात त्या मुळाक्षरांपासून शिकल्या, आश्रमात शिक्षिका झाल्या, मग आश्रमाची सगळी व्यवस्था पाहू लागल्या. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी पैसा जमवला. पुढे स्वतःच्या विचाराने केशवपन सोडले. आणि वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेला गेल्या. जवळ पैसा नाही, भाषा येत नाही. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करून त्या राहिल्या आणि आश्रमासाठी मदत मिळवून परत आल्या. मी आज त्याच वयाची आहे आणि एकटी नांदेडला जायचे म्हटले तरी दोन दिवस आधी घरात बोलणी होतात.

कर्व्यांचे पुढचे सगळ्यांना ठाऊकच आहे. १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या एकशे पाचव्या वर्षी देहावसान. पुण्यातच रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केले, तिथून ससून इस्पितळात परिचारिकेचे काम शिकायला विधवा जाऊ लागल्या. चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावायचा, यावर तेव्हा केवढा गहजब झाला असेल! आज आपल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आली की आपल्याला हायसे वाटते.

आमच्या मराठवाड्यात अशी घरे उशिरा आली, पण आली. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैलाताई लोहिया यांनी 'मानवलोक' ही संस्था १९८२ साली काढली आणि शैलाताईंच्या 'मनस्विनी'त नवऱ्याने टाकलेल्या बायांना आधार मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तो आवाज आणि ती पळापळ मला अजून आठवते. त्यात आईबाप गेलेल्या लेकरांसाठी पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले. पुष्कळ मुले पुण्याजवळ वाघोलीला जैन संघटनेने शिकायला नेली. त्या वेळीही लोक म्हणत होते, लेकरे एवढ्या लांब कशाला? पण इथे मागे काय उरले होते?

माझी मुलगी सांगते, अमेरिकेतही सरकारने १९६४ साली अशीच योजना काढली, जॉब कोर नावाची. सोळा ते चोवीस वर्षांची, शाळा सुटलेली, घरी धड आधार नसलेली गरिबांची मुले-मुली केंद्रात राहतात, तिथेच जेवतात आणि धंदा शिकतात. म्हणजे एवढ्या श्रीमंत देशालाही हेच कळले, की घरच्या रगाड्यात राहून माणूस शिकत नाही. चार दिवस त्याला त्यातून उचलावे लागते. आपल्या देशात १९८२ साली कर्नाटकात उजिरे येथे धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांनी दोन बँकांना बरोबर घेऊन खेड्यातल्या तरुणांसाठी असे केंद्र काढले. राहणे, जेवणे, शिकणे फुकट. तीच रीत पुढे सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. खेड्यातल्या तरुणांना तिथे जाता येते.

तर आता आमच्या गल्लीतल्या मुलीचे. नाव लिहीत नाही. वय बावीस, पदरी दोन वर्षांचा मुलगा, नवऱ्याने सोडलेली. वडील मोंढ्यात हमाली करतात. मुलगी दिवसभर घरात बसून, कोणाशी बोलणे नाही. एकदा तर तिने नको ते करायचा विचार केला होता, हे तिच्या आईने मला विहिरीकडे बोट दाखवून सांगितले. मंडळाने तिला लातूरच्या केंद्रात महिनाभर शिवणकाम शिकायला पाठवायचे ठरवले. आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काकू, तुमचं समदं खरं हाय. पर पोरगी महिनाभर रातीची कुठं निजणार?"

मला कापरेच भरले. तेच शब्द! शंभर वर्षे होत आली, राज्ये बदलली, जिल्हे बदलले, आणि बापाचा प्रश्न तोच. मी त्यांना आत्याआजीची गोष्ट सांगितली. कर्वे, पार्वतीबाई, सगळे सांगितले. शेवटी असे ठरले की वडिलांनी आधी आमच्याबरोबर येऊन केंद्र पाहावे. ते आले. खोली पाहिली, फाटकावरचा पहारेकरी पाहिला, शिकवणाऱ्या बाईंशी बोलले, आणि येताना एस.टी.त म्हणाले, "ठीक हाय." तिचा मुलगा आजीजवळ राहिला आणि दुपारी आजी कामाला जाई तेव्हा आम्ही पाळीपाळीने त्याला सांभाळला. मुलगी महिन्याने आली ती मान वर करून बोलत आली. बँकेचे कर्ज काही लवकर मिळेना, तेव्हा भिशीच्या पैशांतून मशीन घेतली. दर महिन्याला ती हप्ता आणून देते. दोनदा चुकला, पण दिला.

सगळेच असे गोड झाले नाही, तेही सांगितले पाहिजे. त्यानंतर दुसरी एक मुलगी दुसऱ्या गावच्या केंद्रात पाठवली, ती चौथ्या दिवशी परत आली. तिचे लेकरू तापाने फणफणले होते आणि मुलाला केंद्रात ठेवता येत नाही, असा तिथला नियम. नियम करणाऱ्यांनी जेवणाचा, झोपण्याचा, शिकवण्याचा सगळा विचार केला होता. बाईच्या कडेवर मूल असते एवढेच विसरले. गावात मात्र लगेच बोलले गेले, की हिला शिकायचेच नव्हते. मी त्या मुलीला दोष देत नाही. पार्वतीबाई शिकल्या त्या बहिणीच्या घरात मुलाला जागा होती म्हणून. बाईला शिकायला बोलवायचे तर तिच्या लेकराची सोय आधी करावी लागते, आणि ती सरकार करील तेव्हा करो, तोवर आपल्यालाच करावी लागेल.

याच मुलीला आता पुन्हा पाठवायचे आहे, या खेपेस लातूरला. ती तयार आहे, तिची सासूही कशीबशी तयार झाली आहे. पुढल्या सोमवारी सकाळच्या एस.टी.ने तिला सोडायला मी जाणार आहे. लेकरू तीन वर्षांचे आहे, दूध-पोळी खाते, फारसे रडत नाही. सकाळची पाळी जोशीकाकूंनी घेतली आहे, संध्याकाळची आमच्या जाऊबाईंनी. दुपारी बारा ते तीन या वेळेसाठी अजून एक बाई हवी आहे. जिला जमेल तिने मला वर्धापनदिनाच्या दिवशीच सांगावे.